चतुर्दशीचा वाडगा

दिगंबर इंगवलेचं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं, पण त्याने त्यासाठी अख्खं आंतरदेशीय खर्ची घातलं होतं.

‘जोग्या, नाशकात पोरीकडे नीट पोचलो. सामान लागलं. होई आनला शेवटच्या दिवशी जो वाडगा खाल्लास त्याची चव सांगायची राहिली तुझी. लिहून कळव. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू घाई करतोस. दिग्या.’

एवढंच. मी ते पत्र हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. ते पुस्तक संपलं, दुसरं आलं, पत्र त्यात गेलं. अशी वर्षं गेली. माझ्या किती पुस्तकांतून ते पत्र फिरलं ते सांगता येणार नाही, पण उत्तर काही गेलं नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेला माणूस. चार ओळी लिहायला मला शब्द कमी पडले असते असं नाही. अडचण शब्दांची नव्हतीच.

होई आन हे व्हिएतनाममधलं समुद्राजवळचं एक जुनं गाव. आम्ही तिघे तिथे गेलो होतो. दिगंबर, यशवंत चौगुले आणि मी. रिटायर झाल्यापासून सकाळी रंकाळ्याला सायकलने चक्कर मारायची आणि मग दिगंबर नेईल तिथे खायचं, हा आमचा शिरस्ता. कोल्हापुरात कुठल्या गल्लीतली मिसळ कुठल्या वारी चांगली असते हे दिगंबरला तोंडपाठ. आधीच्या वर्षी पन्हाळ्याच्या रस्त्यावर तो स्कूटरवरून पडला आणि डोक्याला मार लागला, पण उन्हाळा संपायच्या आत तो टोपी घालून पुन्हा सायकलवर हजर झाला होता. आणि आल्या आल्या त्याने हे काढलं.

“सायकल चालवायची आणि खायचं. गाईड बरोबर असतो. तो सांगेल तिथं थांबायचं, तो देईल ते खायचं.”

“अरे, मी शाकाहारी. मी तिथे काय खाणार?”

“ते माझ्यावर सोड की लेका.”

याच वाक्याची मला भीती होती. होस्टेलवर असताना एकदा दिगंबरने “सुरणाचे कबाब आहेत, घरून आलेत” म्हणून मला ताटली पुढे केली होती. मी दोन खाल्ले आणि चांगले झालेत म्हणून तिसरा मागितला. मग सगळं होस्टेल हसलं. कबाब खिम्याचे होते. मी रात्रभर मोरीपाशी बसलो होतो. पुढे ती गोष्ट आमच्यातला जुना विनोद झाली. दिगंबर सांगायचा, मीही हसायचो. पण तेव्हापासून त्याने पुढे केलेला घास मी एकदा न्याहाळल्याशिवाय तोंडात घातलेला नाही.

तरी गेलो. नाही म्हणायला धीर लागतो, आणि तो माझ्याकडे कधी नव्हताच.

आमची गाईड थुय नावाची तिशीतली बाई होती. ती इंग्रजीत बोलायची आणि आम्हाला अंकल म्हणायची. दंडापर्यंत हातमोजे, तोंडाला फडकं, डोक्यावर हेल्मेट. तिचे फक्त डोळे दिसायचे. ती पुढे, तिच्या मागे दिगंबर, मग यशवंत, शेवटी मी. दोन्ही बाजूंना भातशेती, मधूनच पाण्यात बसलेली म्हैस. रस्ता सपाट, त्यामुळे माझे गुडघे तक्रार करत नव्हते. तक्रार मनाची होती. माझ्या पुढे थोड्या अंतरावर दिगंबर आपली सायकल थुयच्या सायकलीला लावायचा आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलायची. मी जवळ आलो की बोलणं थांबायचं.

पहिल्या थांब्यावर एका झाडाखाली बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आम्ही बसलो. एक बाई तव्यावर हळदीच्या रंगाचं घावनासारखं काही घालत होती. माझं वेगळं आलं. पण थुयने ते माझ्यासमोर ठेवायच्या आत दिगंबरने ताटली उचलली, नाकापाशी नेली, डोळे मिटले आणि चांगला लांब श्वास घेतला. मग ती माझ्याकडे सरकवली.

“खा.”

“का रे? वास कशाला घेतलास?”

“असाच. खा की.”

मी घास घेतला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“कसं लागतंय?”

“बरं आहे.”

“बरं म्हणजे काय? नीट सांग. जोग्या, पुस्तकं वाचून वाचून डोळे घालवलेस, एका घावनाचं वर्णन येत नाही होय तुला?”

यशवंत तोंड भरलेलं असताना म्हणाला, “भारी आहे!”

“तू गप रे. तुला शेंगदाण्याची टरफलं दिली तरी भारी.”

मग मी सांगितलं. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, नारळाचं दूध घातलेलं असावं, आपल्या घावनापेक्षा गोडसर, आणि ज्या पाल्यात गुंडाळून दिलंय तो तुळशीसारखा पण जरा बडीशेपेकडे झुकणारा. दिगंबर मान हलवत ऐकत होता. नंतर थुय आली तेव्हा त्याने तिला माझंच वाक्य माझ्याच शब्दांत ऐकवलं. बडीशेपेसकट. जसं काही त्याने स्वतः खाऊन ठरवलं होतं. थुय टाळी वाजवून म्हणाली, “अंकल, तुमची जीभ फार चांगली आहे!” आणि तो हसला.

मला राग आला, पण तो मी गिळला. खाण्याच्या बाबतीत मोठेपणा मिरवायची त्याची जुनी खोड होती.

पण प्रत्येक ठिकाणी तेच व्हायला लागलं. माझ्या ताटलीचा वास घ्यायचा, मग ती माझ्यापुढे ठेवायची, मग मी खाताना बघत राहायचं. मांसाचा वास मला येईल की नाही, याची तो आधी खात्री करून घेतो आहे, असं माझ्या मनात आलं. मनात आलं म्हणजे येऊन बसलंच. एका वाडीत रांजण होते, तिथले लोक जेवणात घालतात ते माशांचं खारं पाणी मुरवायला ठेवलेले. त्याचा दर्प असा की मी आणि यशवंत नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडे गेलो. दिगंबर मात्र रांजणाला टेकून केळं खात उभा होता. मी म्हटलं, बघा, याला कशाचंच काही नाही. हा काहीही करू शकेल.

आणि मग तिसऱ्या दिवशी मी ऐकलं. एका पुलावर ती दोघं पाणी प्यायला थांबली होती. मी मागून आलो. सायकल आवाज करत नव्हती. दिगंबर त्याच्या कोल्हापुरी इंग्रजीत स्पष्ट म्हणाला, “डोन्ट टेल हिम. ही मस्ट नॉट नो.”

थुय म्हणाली, “ओके, अंकल. प्रॉमिस.”

मग त्यांनी मला पाहिलं. दिगंबर म्हणाला, “आला का आमचा पोपट! चल, दमलास काय?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःलाच समजावत होतो, की त्र्यंबक, तुला सगळ्यात काळंबेरं दिसतं, तुझा स्वभावच असा. पण मग ती दोन वाक्यं पुन्हा ऐकू यायची. हिम म्हणजे कोण? मीच. यशवंतला मटण लपवून कशाला द्यावं लागेल? म्हटलं, आता आपण म्हातारे झालो. होस्टेलवर हसलो ते ठीक. पण या वयात परक्या लोकांसमोर त्याने तेच केलं, तर मात्र मी हसणार नाही. विमानातून उतरेन आणि पुन्हा रंकाळ्याला जाणार नाही. इतक्या वर्षांची मैत्री मी त्या रात्री पंख्याकडे बघत मोडायला काढली होती.

दुसरा दिवस शेवटचा. थुयने आम्हाला जुन्या गावातल्या एका गल्लीत नेलं. दुकान ओळखीचं होतं. आदल्या दिवशी दिगंबर आणि यशवंतने तिथेच डुकराच्या मांसाच्या शेवया खाल्ल्या होत्या आणि मी बाहेर सायकली सांभाळत बसलो होतो. काचेच्या कपाटात लालसर मांसाचे लांब तुकडे टांगलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

“आज अंकल पण खाणार,” थुय माझ्याकडे बघून म्हणाली. “इथल्या शेवया जगात दुसरीकडे होत नाहीत. पीठ भिजवायला याच गावातल्या जुन्या विहिरीचं पाणी लागतं, असं सगळे सांगतात. आणि आज यात मांस नाही.”

“काल होतं,” मी म्हटलं.

“काल होतं. आज नाही.”

“आजच का नाही?”

ती हसली आणि बोटाने वर आभाळाकडे दाखवलं. भर दुपार होती. वर ऊन सोडून काही नव्हतं. देवाशपथ म्हणते आहे, असं मला वाटलं. एवढी शपथ घ्यायची वेळ का यावी?

दुकानाची मालकीण ही एक म्हातारी होती, पाठीतून वाकलेली. तिने तीन वाडगे आणले. जाड, मातकट रंगाच्या शेवया, वर हिरवा पाला, काहीतरी चौकोनी तळलेलं. दिगंबर आणि यशवंत आपापले खाऊ लागले. पण त्याआधी दिगंबरने माझा वाडगा उचलला. नाकाशी नेला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“घे,” तो म्हणाला. “हा शेवटचा. ह्याचं मात्र मला सविस्तर सांगायचं. अगदी पहिल्या घासापासून.”

“तूच खा.”

“आँ?”

“तूच खा आणि तूच सांग. तुझी जीभ फार चांगली आहे ना? मग माझ्या तोंडात घालून कशाला बघतोस?”

मी असं कधी बोललो नव्हतो. यशवंतचा हात तोंडाशी तसाच राहिला. “जोग्या, अरे…”

“तू मध्ये पडू नकोस, येश्या. मला कळतंय सगळं. मी काही आता होस्टेलमधला पोरगा नाही. लाज वाटायला पाहिजे याला.”

दिगंबरचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “बरं,” तो म्हणाला. “रागावू नकोस. सावकाश खा. आम्ही तोवर ती विहीर बघून येतो. चल, येश्या.”

दोघांनी आपापले वाडगे भराभर संपवले आणि ते थुयबरोबर गेले. मी आणि वाडगा राहिलो. म्हातारी चुलीपाशी उभी होती. मी चमच्याने शेवया उचकटून पाहिल्या. चौकोनी तुकडे कशाचे होते ते मला ओळखता येईना. मग मी तो वाडगा उचलून यशवंतच्या रिकाम्या वाडग्यात उलटा केला, आणि माझा रिकामा माझ्यापुढे ठेवला. म्हातारीने पाहिलं. ती पुढे आली, भरलेला वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि आत घेऊन गेली.

ते परत आले तेव्हा दिगंबरने माझा रिकामा वाडगा पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “खाल्लास!” तो म्हणाला. मी पाणी प्यायलो.

संध्याकाळी तो पोरीसाठी कागदी कंदील घ्यायला थुयला घेऊन बाजारात गेला. मी आणि यशवंत नदीकाठी बसलो. अंधार पडायच्या आधीच गावातले विजेचे दिवे एकेक करून बंद झाले आणि दारोदार कंदील लागले. लोक पाण्यात दिवे सोडत होते. आणि पलीकडच्या झाडांवरून चंद्र वर आला. मोठा, जवळजवळ पुरा.

मी बघत राहिलो. आमच्या स्वयंपाकघरात दाराशी कॅलेंडर आहे. चतुर्थीचा चंद्रोदय मी दर महिन्याला त्यात पाहतो, पाहिल्याशिवाय जेवत नाही. सबंध आयुष्य चंद्र बघून खाणारा माणूस मी.

“येश्या, आज चतुर्दशी काय रे?”

“मला काय विचारतोस? तिथींचं खातं तुझ्याकडं.”

“दुपारी थुय वर बोट दाखवत होती.”

“मग? चतुर्दशी-पौर्णिमेला इथले बरेच लोक मांस शिजवत नाहीत म्हणे. ती म्हातारी तर भांडीसुद्धा वेगळी काढते. विहिरीपाशी थुयनं सांगितलं आम्हाला. दिग्यानं सगळा कार्यक्रम असा बसवलाय की हा दिवस शेवटी यावा. म्हणजे तुला ती शेवई खाता येईल.”

“पण ‘त्याला सांगू नको’ म्हणत होता तो. मी ऐकलंय.”

यशवंत माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “मलापण शपथ घातलीय त्यानं. पण दुपारचं बघवलं नाही मला. जोग्या, त्याचं नाक गेलंय. स्कूटरवरनं पडला तेव्हापासून. वासच येत नाही. वास गेला तशी चवही गेली. आंबट, खारट, तिखट तेवढं कळतं. बाकी भिजवलेला पुठ्ठा खाल्ल्यासारखं होतं, म्हणाला. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही. म्हणून प्रत्येक वाडग्याचा वास घेतोय. आज तरी येतोय का बघायला.”

“मग खाण्याच्या सहलीला कशाला आला?”

“तुला घेऊन आला. म्हणाला, येश्या, तुला विचारलं तर तू म्हणतोस भारी. घरात विचारलं तर म्हणतात छान. जोग्या तेवढा सांगतो. तू त्या पहिल्या दिवशी बडीशेप म्हणालास ना, त्या रात्री खोलीवर तो म्हणाला, ‘बडीशेप म्हटल्याबरोबर मला आठवली रे.’”

“मला सांगायचं होतं की!”

“तुला सांगितलं असतं तर त्याला बरं वाटावं म्हणून तू गोड गोड सांगितलं असतंस. त्याला खरं पाहिजे होतं. तू खोटं बोलत नाहीस म्हणतो.”

पाण्यातले दिवे पुढे पुढे जात होते. मी यशवंतला त्या वाडग्याचं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं.

घरी आल्यावर दिगंबर नाशिकला पोरीकडे राहायला गेला आणि ते पत्र आलं. मी लिहायला बसलो होतो. खरंच बसलो होतो. न खाल्लेल्या शेवयांचं पानभर वर्णन मी लिहू शकलो असतो, एकदा लिहिलंही, आणि ते चांगलं उतरलं होतं. म्हणूनच फाडलं.

फोन होत असत. तो कधी पत्राचं विचारायचा नाही, मी काढायचो नाही. मात्र मी जे जे जेवायचो ते त्याला सांगायला लागलो होतो. आमटीत आमसूल जास्त झालं इथपासून. तो ऐकत राहायचा. मग गेल्या दिवाळीत तो म्हणाला, “पोरीनं अनारसे केलेत. सगळे म्हणतात छान झालेत. जोग्या, छान म्हणजे काय रे?”

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढलं आणि चतुर्दशी पाहिली.

मुलाला वाटलं, मला म्हातारचळ लागला. एकट्याने, या वयात, आणि तेही सायकलवर! मी त्याला काही पटवू शकलो नाही. मला कुणालाच काही पटवता येत नाही. पण गेलो. थुयच्या केसांत आता पांढरे दिसत होते. माझ्यासाठी तिने बॅटरीवर चालणारी सायकल आणली होती. मी आधी नको म्हटलं, मग पहिल्या वळणापर्यंत जाऊन तीच घेतली. ती पुढे, मी मागे. मध्ये दोन सायकलींची जागा मोकळी राहत होती. ती मुद्दाम ठेवत होती की काय, कोण जाणे.

“दुसरे अंकल कसे आहेत?” तिने विचारलं.

“वाट बघताहेत,” मी म्हटलं.

म्हातारी आता नव्हती. तिची सून दुकान बघत होती. काचेचं कपाट पुसून रिकामं ठेवलेलं होतं. वाडगा आला तसा मी तो उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि तिथेच कागद काढला.

‘दिग्या, छान नाही. नीट सांगतो. शेवया जाड, दातांशी भांडणाऱ्या. पापडाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाताना जिभेला जो खार लागतो, तुमच्या गच्चीवर आपण चोरून खायचो ती लाटी, तोच खार ह्या शेवयांना आहे. चौकोनी तुकडे सोयाबीनच्या पनीरचे, त्यांना स्वतःची अशी काही चव नाही, भिजलेल्या पावासारखे. पाला दोन प्रकारचा. एक पुदिन्याच्या घरातला, दुसरा मोहरीच्या कोवळ्या पानासारखा, नाकात चढतो. रस अगदी तळाशी, दोन चमचे. त्यात दालचिनीच्या जवळपासचं काहीतरी आहे. मी तीनदा चाखलं, पण दालचिनी नव्हे. नाव सापडलं नाही. सगळं वरखाली कालवल्यावर मात्र मी मान वर न करता खाल्लं. मागच्या वेळी हा वाडगा मी खाल्ला नव्हता, म्हणून उशीर झाला. जोग्या.’

लिहिताना चमच्यातला रस कागदाच्या कोपऱ्यावर सांडला. तपकिरी डाग पडला. पिशवीत दुसरा कागद होता, पण मी तो काढला नाही.

थुयने मला पोस्टाच्या दारापर्यंत आणून सोडलं. खिडकीतल्या मुलीने तिकिटं लावून दिली. पेटीपाशी गेल्यावर मी पाकीट एकदा नाकाशी धरलं. वास येत होता. मग ते आत टाकलं.